भट्टी घरच्या माणसासाठी विझते

अम्मा गेल्याचा निरोप शाळेत आला. बारामतीच्या आमच्या शाळेत फोन एकच, मुख्याध्यापकांच्या टेबलावरचा, आणि त्यावर शिक्षकांसाठी येणारी बातमी सहसा चांगली नसते. शिपाईमामा वर्गाच्या दारात येऊन नुसते उभे राहिले तेव्हाच मी खडू खाली ठेवला. पलीकडे इंदापूरहून माझा धाकटा भाऊ रशीद हुंदके देत होता. "आपा, अम्मा गेली..." मी विचारलं, "भट्टी चालू हाय का?" त्याचं रडणंच थांबलं. "आपा, अम्मा गेली म्हनतोय मी." "ऐकलं. भट्टी चालू हाय का?" तो म्हणाला, चालू आहे, अम्मानंच तसं बजावून ठेवलं होतं. मी म्हटलं, "मी येईस्तवर एक लाकूडसुदिक आत जाता कामा नये. माझी शपथ हाय तुला." फोन ठेवला तेव्हा मुख्याध्यापक माझ्याकडे बघतच राहिले होते. आई गेलेली बाई असं बोलते का, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं. मी छत्री घेतली आणि स्टँडवर गेले.

आता चाळिसावाही होऊन गेला. भेटायला आलेल्या माणसांनी या दिवसांत अम्माचं इतकं गुणगान केलं की ही बाई कोण, असा मला प्रश्न पडावा. मेल्या म्हशीला मणभर दूध, दुसरं काय! "हलिमाबी तोंडानं फटकळ, पण मनानं लोणी," असं एकजण म्हणाली, आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. लग्न होईपर्यंत मी त्या बाईच्या कुशीत झोपले आहे, तिच्या हातचा मार खाल्ला आहे, आणि तिच्याइतकी माया माझ्यावर दुसऱ्या कुणी केलेली नाही. म्हणून मला सांगायचा अधिकार आहे. अम्मा मनानं लोणी नव्हती. ती बाहेरून जशी होती तशीच आतून होती, आणि निदान त्या बाबतीत तिनं कुणाला फसवलं नाही. गेलेल्या माणसाचं वाईट लिहू नये, असं मला घरच्यांनीही सांगून पाहिलं. पण एका माणसाचं वाईट चारचौघांत बोललं गेलं होतं, ते चारचौघांतच खोडायचं राहिलंय. त्यासाठी हे लिहिते आहे.

आमचं घर इंदापुरात, बाजाराच्या तोंडाशी. खाली बेकरी, वर आम्ही. आजोबांनी बांधलेली विटांची भट्टी, तिच्यात बाभळीची लाकडं, आणि भट्टीचं धुराडं घराच्या आतूनच वर गेलेलं. माडीवरच्या कोपऱ्यातल्या खोलीची एक भिंत म्हणजे त्या धुराड्याचीच पाठ. ती खोली लहानपणी दिवसा माझी असायची. थंडीच्या दिवसांत मी त्या भिंतीला पाठ लावून अभ्यास करायची. भिंतीला मांजरासारखी ऊब असायची, आणि खालून पावाचा वास यायचा. मैत्रिणींना हेवा वाटायचा. आता त्या उबेची आठवणही नको वाटते.

आजोबांनी एक नियम घालून ठेवला होता. भट्टी कधी पूर्ण विझवायची नाही. ईद असो, आजारपण असो, निखारे राखेखाली झाकून ठेवायचे आणि पुन्हा फुलवायचे. भट्टी विझते ती फक्त घरचं माणूस गेलं की. आमच्यात तसंही मयताच्या घरी तीन दिवस चूल पेटत नाही, शेजारपाजारचे जेवण पाठवतात; आजोबांनी भट्टीलाही घरचीच चूल मानलं. आता धुराडं झाडायचं, आतलं अस्तर नीट करायचं, तर भट्टी थंड हवी. पेटत्या भट्टीच्या धुराड्यात माणूस कसा उतरणार? त्यामुळे आमच्या घरात धुराड्याची दुरुस्ती व्हायची ती माणूस मेल्यावरच. आजोबा गेले तेव्हा झाली, आजी गेली तेव्हा झाली. ही रीत ऐकून माझ्या सासरचे लोक हसले होते. आम्हाला मात्र त्यात वावगं काही वाटायचं नाही. सवय असली की माणसाला कशातच काही वाटत नाही.

हे काम करायचे अंथुर्ण्याचे महादू मिस्त्री. आम्ही त्यांना महादूतात्या म्हणायचो. कोऱ्हाळ्यापासून इंदापूरपर्यंतच्या गुऱ्हाळांची चुलवणं आणि बेकऱ्यांची धुराडी त्यांच्या हातची. दोराच्या टोकाला दगड, दगडाच्या वर बोराटीचा काटेरी झुपका. छपरावर चढून तो झुपका धुराड्यात सोडायचा आणि वरखाली ओढायचा. खाली टोपलीभर काजळी पडायची. मग भट्टीच्या तोंडातून आत शिरून, जिथं आतलं अस्तर सुटलं असेल तिथं विटा बसवून वर मातीत साखर कारखान्याची मळी कालवून लिंपायचं. तात्यांचं तोंड म्हणजे उघडं गटार. त्यांना गुऱ्हाळवाले हंगामाच्या आधी बोलवायचे, पण आमच्याकडे ते मयतालाच यायचे, त्यामुळे दोराचं वेटोळं खांद्यावर टाकून ते आमच्या गल्लीत वळले की लोक दुकानातून डोकं काढून विचारायचे, "कोन गेलं?" तात्या म्हणायचे, "अजून कोन न्हाय. तुजा नंबर लावू का?"

अब्बा गेले तेव्हाही तात्या आले. भट्टी तीन दिवस थंड राहिली. त्या तीन दिवसांत स्टँडवरच्या हॉटेलांना दुसऱ्या बेकरीचा पाव गेला आणि ती गिऱ्हाइकं पुन्हा आमच्याकडे आली नाहीत. अम्मा तेव्हा ऐन उमेदीत होती. पदरात मी आणि रशीद. तिनं पांढरी साडी नेसली, कामगारांना बोलावलं आणि स्वतः मैदा मळायला उभी राहिली. पहाटे भट्टीवर, दिवसा गल्ल्यावर. तिच्या जागी दुसरी बाई असती तर बेकरी विकून दिरांच्या दारात बसली असती. हे तिचं श्रेय मी नाकारत नाही. पण त्या तीन दिवसांनी तिच्या मनात काहीतरी कायमचं पक्कं झालं. भट्टीचा तिला घोर लागला. रशीदला ताप आला तरी ती आधी भट्टीकडे बघून मग त्याच्याकडे बघायची. "ती विझली की आपन विझलो," असं म्हणायची. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात. अम्माला स्वतःचं जळलेलं कळलं, दुसऱ्याचं कधीच कळलं नाही.

माझं लग्न होऊन मी बारामतीला आले. मग नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला रशीदचं लग्न झालं आणि माडीवरची माझी खोली शमीमभाभीला मिळाली. शमीम कळंबची. अंगानं किरकोळ, बोलणं हळू, हातात हिरव्या काचेच्या बांगड्या भरभरून घालायची हौस. पहिल्या भेटीत ती मला म्हणाली, "आपा, तुमची भिंत लय गरम हाय," आणि लाजून हसली. मला ती आवडली. अम्माला आवडली नाही. का नाही, याला काही कारण नव्हतं. अम्माला सून हवी होती आणि सून नकोही होती. सुरुवातीला ती मलाच बोलायची, "तुमच्यासारख्या झोपाळू बायांनी घर बुडतं," आणि नजर शमीमकडे. लेकी बोले सुने लागे. पुढं पुढं तिनं तेवढाही आडपडदा ठेवला नाही. मी निघाले की खारीचा डबा बांधून माझ्या हातात द्यायची, वर लोणी लावलेली नानकटाई, आणि त्याच हातानं शमीमच्या ताटातला पाव उचलून तिला शिळा वाढायची. मी हे बघितलं की भांडायची. अम्मा हसून म्हणायची, "तू पाहुनी हायस. खा आन् जा."

त्याच सुमारास बाभळीचं लाकूड मिळेना. अम्मानं ओली लाकडं आणि उसाची चिपाडं भट्टीत घालायला सुरुवात केली. असल्या जळणाची काजळी चिकट असते, ती धुराड्यात धरून राहते. एकदा ती काजळीच आतल्या आत पेटली. छपरावरून ठिणग्या उडाल्या, लोक धावले, मग आपोआप शांत झालं. अम्माला वाटलं, निभावलं. पण त्या आगीनं माडीच्या उंचीवर धुराड्याच्या आतलं अस्तर फुटलं होतं. ते कुणाला दिसलं नाही. शमीमला कळलं, कारण ती तिथं झोपत होती. रशीद बेकरीवाला माणूस, रात्रभर भट्टीवर. तो झोपायचा दिवसा, तेव्हा आग मंद असायची आणि खिडकी उघडी. शमीम झोपायची तेव्हा आग पुरती भडकलेली आणि थंडीमुळे खिडकी बंद. सकाळी तिचं डोकं ठणकायचं, चक्कर यायची, उलट्या व्हायच्या. रशीद म्हणायचा, मला तर काही होत नाही. अम्मा म्हणायची, कामाच्या वेळीच बरी चक्कर येते.

कळंबकडं जाताना महादूतात्या एकदा पाव घ्यायला थांबले आणि त्यांनी वर बघितलं. माडीच्या भिंतीच्या कडेला, बाहेरच्या बाजूनं, काळा ओघळ आला होता. मी तेव्हा सुट्टीत इंदापुरात होते, म्हणून हे बोलणं माझ्या कानांनी ऐकलेलं आहे. तात्या म्हणाले, "हलिमाबी, धुराडं फुटलंय. आठ दिस भट्टी गार करा, मी अस्तर बसवून देतो." अम्मा गल्ल्यावरून हललीही नाही. "आमच्यात भट्टी कवा गार हुती, तुमाला म्हाईत हाय." तात्यांनी पाव पिशवीत टाकला आणि म्हणाले, "मंग येतोच की लवकर." अम्माचा चेहरा लाल झाला. "मढ्यावरचा मिस्त्री तू, तुला दुसरं काय सुचनार! नीघ." आणि तिनं आत वळून, शमीमला ऐकू जाईल असं सांगितलं की, या घरात पुन्हा कुणी धुराचं नाव काढलं तर तिनं आपली ट्रंक उचलावी आणि कळंबची वाट धरावी. शमीमच्या कडेवर तेव्हा नाजू होती, माझी भाची, नुकती पाय टाकायला लागलेली. शमीमनं तोंड मिटलं. त्यानंतर ती नाजूला झोपायला खाली अम्माजवळ पाठवू लागली. "रातची रडती, झोपू देत न्हाय," असं कारण सांगायची. अम्मा शेजारणींना म्हणायची, "बघा, पोटची पोर जड झालीय हिला."

आणि मग ती मैद्याची गोष्ट. मी दिवाळीच्या सुट्टीत आले होते. दुपारी अम्मानं मैदा मळायच्या लाकडी पेटीजवळ शमीमचा पदर धरला. पदराच्या गाठीत मळलेल्या मैद्याचा गोळा होता. अम्माच्या मते हे बरेच दिवस चाललं होतं, पेटीतला मैदा कमी पडत होता. "माहेरी धाडतीस व्हय गं? कळंबला पाव खायाची चट लागली का तुझ्या बापाला?" शमीम मान खाली घालून उभी. कामगार हातातले पावाचे पत्रे तसेच धरून बघत होते. अम्मा म्हणाली, "का सोताला भूक लागती? मंग खा." मी मध्ये पडले. अम्मानं मला कोपरानं बाजूला सारलं. "खा म्हनतीय न्हवं? हितंच खा. समद्यांम्होरं." आणि शमीमनं तो कच्च्या मैद्याचा गोळा खाल्ला. तोडून तोडून, चावत, सगळा. मध्ये ठसका लागला तेव्हा पाणी द्यायलाही अम्मानं कुणाला हलू दिलं नाही. खाऊन झाल्यावर अम्मा कामगारांकडे वळून म्हणाली, "बघून ठेवा. चोर घरातच हाय. पेटीवर ध्यान ठेवा." त्या दिवसापासून बेकरीत आणि गल्लीत शमीमचं नाव चोरटी पडलं. मी अम्माशी दोन दिवस बोलले नाही. तिनं मला खारीचा डबा बांधून दिला, मी तो घेतला नाही, तेव्हा ती खरोखर रडली. माझ्यासाठी. शमीमसाठी तिच्या डोळ्यांतून टिपूस आला नाही.

शमीम गेली ती पुढच्या थंडीत. सकाळी रशीद भट्टीवरून वर गेला तर ती उठेना. डॉक्टर म्हणाले, हृदय कमजोर असावं. धुरानं गेली असं कुणी लिहून दिलेलं नाही आणि आता त्याची शहानिशा करायला कुणी उरलेलंही नाही. मी पोचले तेव्हा जनाजा निघायच्या बेतात होता. घरात कुराणाचं पठण चाललं होतं, बायका रडत होत्या, आणि छपरावर धुराड्यातून भसाभस धूर निघत होता... लग्नसराईची ऑर्डर होती. माझा विश्वास बसेना. एवढ्यात महादूतात्या आले. बातमी ऐकून रीतीप्रमाणे आले होते, खांद्यावर दोर. अम्मा दारात आडवी आली. "माघारी जावा. भट्टी विझत न्हाय." तात्या म्हणाले, "घरात मयत हाय, बाई." अम्मा म्हणाली, "ती सून व्हती. भट्टी घरच्या मानसासाठी विझती." तात्यांनी खांद्यावरचा दोर नीट केला आणि अगदी सहज विचारलं, "आन् तुमी कोन हाय ह्या घरच्या?" अम्मानं दार लावून घेतलं.

दोन दिवसांनी जियारत होती, मयताच्या तिसऱ्या दिवसाची. सकाळी मी वर गेले तर अम्मा जिन्यावरून उतरत होती, हात कोपरापर्यंत मातीनं भरलेले. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "भित पोपडली व्हती. लिंपून घेतली." घरात मयत झालेलं असताना ही बाई तिसऱ्या दिवशी भिंत लिंपत बसते! मला तिची किळस आली, आणि मी ते तिला बोलूनही दाखवलं. तिनं हात धुतले, बराच वेळ धुतले, आणि जाऊन बायकांत बसली.

त्यानंतर अम्मा शमीमच्या खोलीत राहायला गेली. नाजू आणि रशीद खाली. सगळ्यांना वाटलं, म्हातारीला खोली हवीच होती, मिळाली. भर थंडीत ती खिडकी सताड उघडी ठेवायची. दिवसाही रिकामी असली की त्या भिंतीला टेकून बसायची, डोकं मागं टेकून, डोळे मिटून. तिच्या डोक्याला तेल फार. भिंतीवर तिच्या डोक्याचा डाग पडला, तो दर वर्षी मोठा होत गेला. तिला खोकला लागला, मग दम लागला. डॉक्टरांनी खाली झोपा म्हणून सांगितलं. ऐकेल ती अम्मा कसली! सुंभ जळला तरी पीळ जायचा नाही. आणि स्वभाव? तो तसाच. एकदा नाजूनं न विचारता बरणीतलं बिस्कीट घेतलं, तर अम्मा भट्टीवरच्या माणसांसमोर म्हणाली, "आईवर गेली." नाजू तेव्हा शाळेत जायला लागली होती. तिनं येऊन मला विचारलं, "फुफू, माझी अम्मी खरंच चोर व्हती का?" मी तिला काय सांगणार होते? मला ठाऊक असलेलं एवढंच होतं की पदरात मैदा होता. मी म्हटलं, "तुझी अम्मी लय चांगली व्हती." नाजू म्हणाली, "म्हंजी चोर व्हती." मुलांना उत्तर टाळलेलं लगेच कळतं.

अम्माला मी शेवटचं भेटले ते तिच्या जायच्या आदल्या रविवारी. खोलीत गारठा होता, खिडकी उघडी. ती भिंतीला टेकलेली, श्वास शिट्टीसारखा वाजत होता. तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, "जुबे, म्या गेल्यावर भट्टी विझवायची न्हाय. रशीदला बी सांगितलंय." मी म्हटलं, "का गं?" ती म्हणाली, "म्या बी सूनच हाय." मला भडभडून आलं, आणि त्याच क्षणी संतापही आला. इतकी वर्षं महादूतात्यांच्या प्रश्नाचं उत्तर ती घोळवत बसली होती, आणि शेवटी सापडलं ते हे! आपला नियम चुकला म्हणायचं नाही, उलट तो स्वतःवरही लावायचा, म्हणजे तो खरा ठरतो. मी म्हटलं, "अम्मा, शमीमसाठी विझवायला हवी व्हती. येवढं कबूल कर." तिनं तोंड फिरवलं. मी तिच्या केसांना तेल लावून दिलं, डबा घेतला आणि एसटीनं परत आले. आमचं शेवटचं बोलणं ते.

म्हणून फोनवर मी आधी भट्टीचं विचारलं. पोचल्यावर रशीद म्हणाला, "आपा, तिचा शब्द हाय." मी म्हटलं, "तिचा शब्द तिच्यासंगं जाऊ दे." भट्टी विझली. गल्लीतले लोक म्हणाले, लेक असावी तर अशी, आईसाठी भट्टी थंड केली. मी कुणाचा समज खोडला नाही. ती भट्टी अम्मासाठी विझलेलीच नव्हती. ती शमीमसाठी विझली होती, काही वर्षं उशिरा.

महादूतात्यांना निरोप धाडला. आता ते थकलेत, पुतण्याला बरोबर घेऊन आले. पुतण्यानं छपरावरून झुपका सोडला, टोपल्यांनी काजळी निघाली. अस्तर फुटलं होतं ते माडीच्या उंचीवर, तिथं खालून हात पोचत नाही, म्हणून तात्या म्हणाले, खोलीतून भिंत फोडावी लागेल. खोलीत मी, रशीद आणि नाजू. तात्यांनी अम्माच्या डोक्याच्या डागाखाली छिन्नी लावली. मातीच्या गिलाव्याचा एक थर निघाला, त्याखाली दुसरा, त्याखाली आणखी एक. "हे दर सालचं हाय," तात्या पुटपुटले. आणि सगळ्यांत आत, विटांच्या सांध्यातल्या लांब फटीत, काहीतरी पिवळट, कडक, बिस्किटासारखं. तात्यांनी तुकडा काढला, हुंगला, दातांनी तोडून बघितला. "मैदा हाय," ते म्हणाले. "मळलेला मैदा. भिंतीच्या उष्णतेनं भाजलाय."

फटीच्या वरपासून खालपर्यंत मैदा होता. थरावर थर. मैदा भाजला की आकसतो, आकसला की फट पुन्हा उघडते, म्हणून वर पुन्हा नवा गोळा. माती आणायला त्या घराच्या सुनेला बाहेर पडता येत नव्हतं. हाताशी होता तो मैदाच. प्रत्येक थरावर बोटांचे ठसे, बारीक बोटांचे, आणि तळव्यानं जिथं जोर दिला तिथं मनगटाजवळ बांगड्यांच्या गोल रेघा उमटलेल्या. पिठात हात घालून आयुष्य गेलेल्या रशीदला कुणी काही समजावून सांगायची गरज नव्हती. त्यानं तो तुकडा हातात घेतला, एका ठशावर आपला अंगठा ठेवला. तो फारच मोठा होता, बसला नाही. तो खाली बसला. मग म्हणाला, "तात्या... अम्माला म्हाईत व्हतं?" तात्यांनी पोराकडे बघावं तसं त्याच्याकडे बघितलं. "ह्याच्यावर गिलावा कुनी केला?"

जिन्यावरचे ते मातीनं भरलेले हात माझ्या डोळ्यांसमोर आले. तिसऱ्या दिवशी तिनं हे बघितलं होतं. शमीम चोर नव्हती, हे जगात एकट्या तिला कळलं होतं, आणि तिनं ते लिंपून टाकलं. भिंत पुन्हा पुन्हा तडकली, तिनं पुन्हा पुन्हा लिंपली. सगळं ठाऊक असताना ती नाजूला "आईवर गेली" म्हणाली. आणि सगळं ठाऊक असताना त्याच फटीवर डोकं टेकून, खिडकी उघडी टाकून, खोकत बसून राहिली. लोक म्हणतील, तिनं स्वतःला शिक्षा करून घेतली. असेलही. पण ज्या शिक्षेची कुणाला खबर नाही, तिचा शमीमला काय उपयोग, नाजूला काय उपयोग? एक वाक्य बोलायचं होतं. कामगारांसमोर, पेटीजवळ उभं राहून. तेवढं तिच्यानं झालं नाही. मरणं तिला त्यापेक्षा सोपं गेलं. मला तिचा राग येतो आणि तिची आठवणही येते, दोन्ही एकाच वेळी येतात, आणि त्यांचं काय करायचं ते मला कळत नाही.

नवं अस्तर बसलं. भट्टी पेटवायच्या दिवशी मी कामगारांना गोळा केलं. जुने होते त्यांना घरून बोलावून आणलं. पेटीवर तो भाजलेला मैदा ठेवला आणि काय झालं होतं ते सांगितलं. एक म्हातारा कामगार, त्या दिवशी पत्रा हातात धरून उभा असलेला, तोंडात पदरासारखा रुमाल कोंबून रडला. मग नाजूनं बिस्मिल्ला म्हणून पहिलं लाकूड आत सरकवलं. पण तिथं होती मूठभर माणसं, आणि शमीमला चोरटी म्हणत होतं सगळं गाव. म्हणून इथंही लिहिते: कळंबची शमीम, माझ्या भावाची बायको, चोर नव्हती. ती आपल्या घराची फट बुजवत होती.

ती भिंत आता थंड असते. मागच्या आठवड्यात मी गेले तेव्हा सवयीनं पाठ टेकली आणि दचकले. गिलावा नवा आहे, पांढरा, पण फोडलेल्या जागेच्या वर अम्माच्या डोक्याचा अर्धा डाग तसाच उरलाय. रशीद चुना मारणार होता, मी मारू दिला नाही. रात्री खालून पावाचा वास येतो. नाजू आता त्या खोलीत झोपते, खिडकी लावून.